कोपऱ्यात फिरणारं चाक

आमच्या फोटोच्या दुकानात माझं काम 'हं' म्हणायचं. नवऱ्याला मी मालक म्हणते, आमच्याकडे तशीच पद्धत आहे. मालक कॉम्प्युटरसमोर खुर्चीत बसतात आणि मी त्यांच्या उजव्या खांद्यामागे स्टुलावर. लग्नाचे फोटो ते एकेक करून उघडतात. सगळ्यांचे डोळे उघडे असले, पदर जागेवर असला, कुणी घास चावत नसलं, की मी 'हं' म्हणते. नसेल तर जिभेनं 'चक्' करते. 'हं' झालेले फोटो अल्बमात जातात. नवरीचा मामा कोणता, करवली कोणती, हेही मीच ओळखते, कारण मामाचा फोटो राहिला तर अल्बम परत येतो. याच्यापलीकडे दुकानात आमचं फारसं बोलणं नसतं. मला चारचौघांत बोलता येत नाही, आणि मालकांना माझ्या 'हं'ची सवय झालेली आहे.

माझी शाळा चौथीपर्यंत. मराठी मी वाचते, लिहिते. इंग्रजी अक्षरं बघून ओळखीची वाटतात, पण वाचता येत नाहीत. मालक बारावी झालेत, कॉम्प्युटरचा कोर्सही त्यांनी केलाय. त्यामुळे पडद्यावर इंग्रजी काही आलं की ते त्यांच्यासाठी आहे असं मी समजते आणि तिकडे बघत नाही. हे लिहून ठेवते, कारण पुढे जे झालं ते यावरूनच झालं.

आमचं दुकान उंब्रजला, हायवेच्या कडेच्या रस्त्यावर. मोठा ट्रक गेला की शोकेसमधले फोटो थरथरतात. जुन्या मॉनिटरवर मधोमध एक हिरवी रेघ आली होती. ती रेघ नवरीच्या नाकावरून जायची, आणि मालक ती चुकवायला तोंड अगदी काचेजवळ नेऊन बघायचे. त्यांनी तसं वाकून बघितलेलं मला आवडायचं नाही. त्यांचे वडील शेवटी तसेच बघायचे.

माझ्या सासऱ्यांची, म्हणजे आबांची, नजर काचबिंदूनं गेली. पाटणच्या बाजूला आमचं गाव आहे, तिथं शेतात राबणारा माणूस. त्यांना दुखलं नाही, खुपलं नाही. पहिल्यांदा एवढंच झालं की ताटातली चटणी तशीच राहायला लागली. चटणी डावीकडे वाढतात. सासूबाई म्हणायच्या, चटणी आवडली न्हाई का? ते म्हणायचे, कुठली चटणी? सगळे हसायचे. मी नवीन सून होते, मीही पदराआड हसले होते. पुढे ते दाराच्या चौकटीला धडकायला लागले, आणि डॉक्टरकडे नेलं तोवर उशीर झाला होता. शेवटची वर्षं मी त्यांचा हात धरून परसात न्यायची. माणूस मवाळ होता, कधी कुरकुर केली नाही, पण हात मात्र फार घट्ट धरायचे. ती पकड माझ्या मनगटाला अजून आठवते.

तर मालकांनी कराडहून नवीन मॉनिटर आणला. टीव्हीएवढा मोठा, अगदी स्वच्छ. त्याचा पाय एवढा पसरट की टेबलावर उजवीकडे चहा ठेवायला जागा उरली नाही, म्हणून मी कप डावीकडे ठेवायला लागले. पहिल्याच दिवशी चहा गार झाला. मालक म्हणाले, ठिवलास तर सांगायचं न्हाई का? मी म्हटलं, समोर तर ठेवलाय. कामाच्या नादात लक्ष गेलं नसेल, असं मला वाटलं. पुढेही कधीमधी चहा तसाच गार व्हायचा.

नव्या स्क्रीनवर फोटो उघडायला उशीर लागायला लागला. आधी फोटो धूसर यायचा, भात शिजताना वाफेतून बघावं तसा. नवरा कोण, नवरी कोण, एवढं रंगांवरून कळायचं. मग थोड्या वेळानं एकदम स्वच्छ व्हायचा. पुढचा फोटो उघडला की परत वाफ. आधीच्या स्क्रीनवर असं नव्हतं. फोटो स्वच्छ होईपर्यंत मी थांबायची आणि मगच 'हं' म्हणायची. मला वाटलं मशीन नवीन आहे, त्याला सवय व्हायला वेळ लागत असेल. मालकांना कळत असणारच.

मालकांनी कॉम्प्युटर बंद करून चालू केला. वायर काढून दुसऱ्या भोकात घातली. कापडानं स्क्रीन पुसली. सगळे फोटो एका डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर नेले, त्यात अर्धा दिवस गेला. काही फरक पडला नाही. हे सगळं ते न बोलता करत होते. मी स्टुलावर बसून बघत होते.

मग एका दुपारी त्यांनी फोटो उघडला, तो धूसर असतानाच डोळे चोळले, उठले आणि मोरीत जाऊन डोळ्यांवर पाणी मारलं. परत येऊन बसले तोवर फोटो स्वच्छ झाला होता. ते त्या फोटोकडे बघत राहिले. पुढचा उघडला. परत धूसर. त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, परत घातला. फोटो स्वच्छ झाला. त्यांचे खांदे मागून मला दिसत होते. ते खांदे आखडलेले होते.

 मला कळलं की मालक मशीन दुरुस्त करत नाहीयेत. हे स्वतःचे डोळे तपासतायत.

त्या दिवसापासून मी फोटो कमी आणि त्यांना जास्त बघायला लागले. दुकानाच्या दारात उभे राहून ते हायवेपलीकडच्या पेट्रोलपंपाची पाटी वाचायचे. एका डोळ्यावर तळहात ठेवून वाचायचे, मग दुसऱ्यावर. कुणी आलं की हात खाली घेऊन मान खाजवायचे. मी आतून, फोटो काढायच्या पडद्याच्या मागून बघायची.

विचारायला काय हरकत होती, असं कुणी म्हणेल. पण सासूबाईंनी मला एक गोष्ट पक्की शिकवली होती. घरात वाईट शब्द तोंडातून काढायचा नाही. वास्तू तथास्तु म्हणत असते, कधी म्हणेल ते सांगता येत नाही. 'तुम्हाला दिसत नाही का' हे शब्द ओठांवर आले की मी ते गिळायची. दुकान आणि घर एकाच छपराखाली आहे आमचं. समजा मी विचारलं आणि त्याच वेळी तथास्तु झालं तर? मी देवापुढे दिवा लावायची आणि तिथंही नीट मागता यायचं नाही, कारण मागायचं म्हटलं तरी तो शब्द मनात आणावा लागतो.

मालकांनीही विचारलं नाही. आणि मग एक वेगळंच झालं. ते माझ्या 'हं'साठी थांबेनासे झाले. फोटो धूसर असतानाच बटण दाबायचे आणि पुढे जायचे. मी तोंड उघडायच्या आत फोटो गेलेला असायचा. जणू त्यांना सगळं स्वच्छ दिसतंय आणि मीच मागे राहतेय. मला मधे बोलता आलं नाही. माझा 'हं' तसाच राहून जायचा.

तेव्हा आमच्याकडे जवळच्याच गावातल्या एका फौजी मुलाच्या लग्नाचं काम होतं. त्याची सुट्टी संपत आली होती आणि बायकोला अल्बम देऊनच त्याला जायचं होतं. मालकांनी निवडलेल्या फोटोंचे छोटे नमुने काढून ठेवले आणि ते बघायला मुलाची आई आली. ऊस पिकवणाऱ्या घरातली, मोठ्या आवाजाची बाई. काउंटरवर फोटो पसरून ती एकेक बघत होती. एका फोटोवर थांबली. मांडवात नवराबायको म्हाताऱ्या आजोबांच्या पाया पडतायत, आणि खुर्चीतल्या आजोबांचे डोळे मिटलेले, तोंड किंचित उघडं.

"काय वो फोटोवालं," ती म्हणाली, "आमच्या सासऱ्याला भर मांडवात निजवलंत की. जित्ता हाय अजून म्हातारा, सकाळीच दोन भाकरी खाऊन बसलाय."

मालक हसले. बाईनं आणखी दोन फोटो बाजूला काढले. त्यातही कुणाकुणाचे डोळे मिटलेले होते. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "वैनी, तुमी बगितलं न्हाई व्हय? तुमच्या नजरंतनं तर लुगड्यावरचा डाग सुटत न्हाई म्हनत्यात."

मी खाली बघितलं. मालक म्हणाले, बदलून देतो, माझीच गडबड झाली. बाई चहा घेऊन, दोन चार गोष्टी सांगून गेली. ती चांगली होती, मनात काही ठेवून गेली नाही. पण ती गेल्यावर मालकांनी शटर अर्धं खाली ओढलं. जेवायची वेळ नव्हती.

ते खुर्चीत बसले, स्क्रीनकडे पाठ करून. बराच वेळ हातातला आजोबांचा फोटो बघत होते. मग म्हणाले, "हा धंदा आता माज्या डोळ्यांचा ऱ्हायला न्हाई. आबांचंच माज्या वाट्याला आलंया."

शब्द शेवटी त्यांनीच काढला होता. मी वर छपराकडे बघितलं. आता तथास्तु झालं असेल तर झालं. मी विचारलं, "काय व्हतंय पर तुमाला?"

"फोटू आधी धुरकट दिसतो. मग हळूहळू सवच्छ व्हतो. डोळ्यांला येळ लागतोय."

मला क्षणभर काहीच कळलं नाही. मग कळलं.

"आवं," मी म्हटलं, "मला बी तसंच दिसतंय. पयल्या दिवसापासनं."

ते माझ्याकडे बघत राहिले. "तुला बी?"

"आधी वाफंतनं बगितल्यासारखा. मग सवच्छ."

"आनि तू बोलली न्हाईस?"

"मला वाटलं मिशनीचंच हाय. तुमाला ठावं असंल."

ते इतके हसले की शटरबाहेर उभा असलेला भाजीवाला वाकून बघायला लागला. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, ते त्यांनी मनगटानं पुसलं. मीही हसले. लग्नानंतर दुकानात एवढं मोठ्यानं हसल्याचं मला आठवत नाही.

त्यांनी लगेच कराडच्या दुकानदाराला फोन लावला, ज्याच्याकडून मॉनिटर आणला होता त्याला. फोन टेबलावर ठेवून स्पीकर चालू केला, म्हणजे हात मोकळे राहतील. दुकानदार तरुण होता, मालकांना मामा म्हणायचा. त्यानं दोन-चार गोष्टी विचारल्या आणि म्हणाला, मामा, कॉम्प्युटर चांगलाय, मॉनिटरपण चांगलाय. तुमचं फोटो बघायचं सॉफ्टवेअर आधीच्या लहान स्क्रीनच्या मापानं छोटे फोटो तयार करून ठेवतंय. मोठ्या स्क्रीनला ते पुरत नाहीत. मग प्रत्येक फोटो उघडला की ते नव्यानं मोठा करायला बसतंय. तोवर तुम्हाला तो लहानगाच ताणून दाखवतंय, म्हणून धूसर. सेटिंगमध्ये माप वाढवा, सगळ्या फोटोंचे नवीन करायला लावा, आणि त्याला दिवसभर हात लावू नका.

मालक मान हलवत होते. चेहऱ्यावरून वर्षं उतरल्यासारखी वाटत होती.

मग दुकानदार सहज म्हणाला, "वर डाव्या कोपऱ्यात गोल चाक फिरत असंल बघा मामा. बाजूला इंग्लिशमध्ये लिवलेलं असतंय, फोटो तयार होतोय म्हणून. ते बघितलं असतं तर तुमच्या तवाच ध्यानात आलं असतं."

"न्हाई," मालक म्हणाले. "तसलं काय न्हाई येत आमच्यात."

स्क्रीनवर एक धूसर फोटो उघडलेला होता. वर डाव्या कोपऱ्यात चाक फिरत होतं. बाजूला इंग्रजी अक्षरं होती. पहिल्या दिवसापासून प्रत्येक फोटोला ते फिरताना मी बघत आले होते. इंग्रजी आहे, त्यांच्यासाठी आहे, असं समजून सोडून देत आले होते. मालक समोर बसून थेट स्क्रीनकडे बघत होते.

फोटो स्वच्छ झाला. चाक गेलं.

दुकानदार म्हणाला, असू दे, कधी कधी येत नाही. फोन बंद झाला. मालकांनी सेटिंग बदललं, काम लावून दिलं आणि म्हणाले, आता ह्याला हात लावू नकोस. मग स्वतः जाऊन कांदाभजी घेऊन आले. कागदातली भजी त्यांनी माझ्या पुढ्यात धरली. खाताना ते सांगत होते की पेट्रोलपंपाची पाटी त्यांना अगदी बारीक अक्षरापर्यंत वाचता येत होती, तरी विश्वास बसत नव्हता. मनात एकदा भीती बसली की डोळं बी खोटं वाटाया लागत्यात, असं म्हणाले. मी भजी हातात धरून बसले होते. गार झालेले चहा आठवत होते. सगळे कप डावीकडे ठेवलेले होते.

भीती दोन प्रकारची असते, हे मला त्या दिवशी कळलं. एक होती ती दोघांची होती, आणि ती नुसती मशीनची निघाली. दुसरी आता माझ्या एकटीची होती, आणि ती खरी होती. आधी निदान बाजूला बसून दोघंही भीत होतो. आता ते हसत होते आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. मला वाटलं चार दिवस जाऊ द्यावेत. सुखानं जेवू देत. मग सासऱ्यांचा हात आठवला. त्यांच्या वेळी चार दिवस जाऊ द्यावेत असंच सगळ्यांना वाटत गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोटो तयार झाले होते. मालकांनी पहिला उघडला, तो उघडताच आरशासारखा स्वच्छ. दुसरा, तिसरा, सगळे तसेच. आजोबांचा डोळे उघडे असलेला फोटोही सापडला, दोनच फोटो मागे होता. मी 'हं' म्हटलं. मालक खुर्ची फिरवून माझ्याकडे बघत म्हणाले, "बग. डोळं शाबूत हायत माजं."

मी म्हटलं, "आवं, ते चाक फिरत व्हतं."

"कुठलं चाक?"

त्यांनी तो प्रश्न अगदी तसाच विचारला, त्यांच्या वडिलांनी चटणीबद्दल विचारायचा तसा.  मी सांगितलं की दुकानदार म्हणाला ते चाक प्रत्येक फोटोला फिरत होतं, काल फोनवर बोलतानासुद्धा. मला इंग्रजी कळत नाही म्हणून मी बोलले नाही.

 त्यांनी दुसऱ्या लग्नाचे, अजून तयार न केलेले फोटो उघडले. पहिला फोटो धूसर आला. ते समोर बघत होते.

"फिरतंय?" त्यांनी विचारलं.

"फिरतंय."

ते तसेच बघत राहिले. मग हळूहळू मान डावीकडे वळवली, गळ्याची शीर ताणली जाईपर्यंत, आणि थांबले. चाक त्यांना तेव्हा दिसलं. मला त्यांचा चेहरा दिसला नाही, फक्त मान दिसली. हात मात्र मागे आला आणि माझं मनगट धरलं. पकड अगदी सासऱ्यांची होती.

आम्ही अल्बम पुरा करून त्या फौजी मुलाच्या हाती दिला आणि एसटीनं सांगलीला गेलो. कराडमध्ये डॉक्टर नाहीत असं नाही, पण सासऱ्यांना तिथं उशिरा नेलं होतं आणि मला तिथल्या दवाखान्याचा जिना परत चढायचा नव्हता. वाटेत मालक खिडकीशी बसले होते. उसाचे ट्रॅक्टर, गुऱ्हाळाचा धूर, सगळं ते मान वळवून वळवून बघत होते, आणि मी मनात मोजत होते की वळवल्याशिवाय काय काय दिसत नसेल.

दवाखान्यात त्यांना एका यंत्रापुढे बसवलं. एक डोळा झाकायचा, समोर बघत राहायचं, उजेडाचा ठिपका दिसला की हातातलं बटण दाबायचं. मला दाराशी बसू दिलं. ठिपके मला दिसत नव्हते, फक्त बटणाचा आवाज येत होता. टक्, टक्, आणि मग बराच वेळ काही नाही. त्या शांततेत ठिपके येऊन जात असणार, हे मला कळत होतं. माझ्या ओठांवर 'हं' येत होता. तिथं तो चालणार नव्हता.

डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या होत्या. त्यांनी कागदावरचा काळा भाग दाखवला. डावा डोळा बराच गेलाय, उजव्यालाही सुरुवात आहे. गेलेलं परत येणार नाही. उरलेलं राखता येईल, थेंब मात्र जन्मभर चुकवायचे नाहीत. त्यांनी विचारलं, तुमच्या लक्षात कसं आलं? बहुतेकांच्या येत नाही. मालक म्हणाले, हिच्या आलं. मी पदराचं टोक धरून बसले. उरलेलं किती दिवस राहील, हे मला विचारायचं होतं. तो शब्द मला तिथंही काढता आला नाही.

आता थेंब मी घालते, सकाळी आणि झोपताना. चहा उजवीकडे ठेवते, मॉनिटरचा पाय थोडा सरकवून. दुकानात स्टूल मी त्यांच्या डाव्या खांद्यामागे सरकवलं. त्यांनी खुर्ची थोडी पुढे घेतली, मला जागा व्हावी म्हणून.

फोटो आता आधी तयार करून ठेवतो, त्यामुळे धूसर येत नाहीत. पण नव्या लग्नाचं काम आलं की पहिल्या काही फोटोंना चाक थोडा वेळ फिरतं. तेव्हा मी फोटोकडे बघत नाही. मी विचारते, दिसलं? मालक म्हणतात, दिसलं.

त्यांची मान वळलेली असली तर मी 'हं' म्हणते. काही वेळा मान वळलेली नसते, आणि तरी ते म्हणतात, दिसलं.